वीस रुपयांत चार जीबी

गोळीबार चौकात, पानठेल्याला पाठ लावून
माझं दुकान होतं. रुंदी म्हणाल तर खाटेएवढी.
बापानं माग विकला, त्या पैशात
जुना कॉम्प्युटर, एक टेबल, दोन खुर्च्या
आणि पुठ्ठ्यावर माझ्याच हातची पाटी :
मेमरी कार्ड भरून मिळेल.

लोक यायचे. पोराच्या दुधाच्या दाताएवढं कार्ड
रुमालाच्या गाठीतून सोडायचे
आणि मग मागायचे.
तोंडानं मागावं लागायचं.
हे माझ्या भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो, कोणाले? कायले?

धोमणे सर, शाळेतून रिटायर, कडक इस्त्री,
मोठ्यानं म्हणायचे, 'भजनं टाक. पूर्ण भर.'
मग वाकून, कानाशी,
त्यांच्या कॉलेजातल्या एका नटीचं नाव.
मी फोल्डर करायचो 'भजन २'.
सर पैसे सुटेच द्यायचे.

कामठी रोडचा शकील डीजे
वर्षातून तीनदा यायचा घाईघाईत :
एकदा रामनवमीचं, एकदा चौदा एप्रिलचं,
एकदा ताजबागेच्या संदलचं.
ताल एकच होता, मीच भरायचो, मला माहीत.
खिडक्या त्याच हादरायच्या, झोप त्याच म्हाताऱ्यांची उडायची.
हे कोणाला तरी सांगावं वाटायचं.
पण ज्याला सांगावं तो म्हणाला असता,
आमचा ताल त्यांनी चोरला बे.
तिघंही म्हणाले असते.

वैशाली नंदनवारनं रिंगटोन मागितली :
मालिकेत सासू वळून बघते ना, तेव्हाचं ते संगीत.
'ह्यांच्या नंबरले लावून द्या.'
आम्ही दोघं पोट धरून हसलो.
पंधरा दिवसांनी दुकानातच तिचा फोन वाजला.
मी हसायला तोंड उघडलं
आणि तिच्याकडे पाहून मिटलं.

उईके गवंडी, हाताला कायम सिमेंट :
'भाऊ, रेला आहे का?'
रेला म्हणजे काय, मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
त्यानं टेबलावर बोटांनी धरून दाखवला.
सगळं शोधलं. चाळीस हजार गाण्यांत
उईकेसाठी काही नव्हतं.
'जाऊ द्या, जे सगळे नेतात ते टाका,' म्हणाला
आणि कार्ड भरेस्तोवर बसून राहिला
शेवटची एसटी चुकल्यासारखा.

मग डेटा स्वस्त झाला.
एका उन्हाळ्यात गिऱ्हाईक थांबलं,
कूलरचं पाणी आटतं तसं, आवाज न करता.
आता मी कव्हरं विकतो, काचा बसवतो.
धोमणे सरांना वाकावं लागत नाही,
फोन आपणहून देतो, एकामागून एक,
न मागितलेलंही. परवा दिसले. वळखलं नाही त्यांनी.
डोळे लाल होते, जागरणानं असतील.

मी हे असं लिहीत होतो, जरा गळा काढून,
तर उईके आला. केस पांढरे, हात तेच.
फोनवर रेला लावलेला.
त्याच्याच गावाकडची पोरं, मागे मोहाचं झाड,
खाली लाखाच्या वर बघणारे.
'आता भेटते,' म्हणाला. 'माही नात बी नाचते यावर.'
मला आनंद व्हायला हवा होता.
खरं सांगतो, आधी थोडं झोंबलं.

'काच बसवून द्या.'
मी स्क्रीन पुसली, फुंकर मारली,
बेतानं काच टेकवली. तरी कोपऱ्यात
एक बुडबुडा राहिला. नखानं दाबला, तो सरकला, गेला नाही.
'राहू द्या भाऊ,' तो म्हणाला,
'गाणं कुठं अडून रायलं?'

वीस रुपये दिले त्यानं.
तोच भाव.